चौथा बोल्ट

कॅझ विटकोव्स्कीने आपली मासेमारीची बोट देऊन तिच्या बदल्यात एक न चालणारी मोटार घरी आणली, तेव्हा त्याची बायको लॉरेन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. ओढून आणलेली ती मोटार खाली उतरवायला चार माणसं लागली. उतरता उतरता तिचा मागचा बंपर सुटून अंगणातल्या सिमेंटवर पडला आणि त्याच्या मागोमाग उंदरांचं एक अख्खं घरटं. लॉरेनने खिडकी वर सरकवली आणि एवढंच म्हणाली, "बोट निदान तरंगत तरी होती."

लॉरेनला उत्तर देऊन आपलं कधी भलं झालेलं नाही हे कॅझला सदतीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं, आणि शिवाय त्या क्षणी त्याचं लक्ष फक्त गाडीकडे होतं. सन एकोणीसशे सत्तरची 'थंडरहेड'. दोन दारं, लांबलचक नाक आणि त्या नाकात एवढं मोठं इंजिन की बाकीची गाडी ते इंजिन वाहून न्यायला नाइलाजाने बांधली असावी. कॅझच्या पिढीतल्या पोरांनी हिच्यापायी अभ्यास सोडले, नोकऱ्या धरल्या, लग्नंही केली. आणि मुख्य म्हणजे ही गाडी याच गावात तयार झालेली होती. नदीपलीकडच्या ज्या कारखान्यात कॅझने एकतीस वर्षं काढली, त्याच कारखान्यात. मिशिगनमधल्या पुष्कळ कारखान्यांसारखा तोही आता पाडलाय आणि तिथे नुसतं गवत वाढलंय.

कारखाना गेला तरी कॅझचं एक वाक्य मागे उरलं होतं. ते विटकोव्स्कींच्या घरात दर सणाला टर्की कापायच्या आधी म्हटलं जायचं: "माझ्या हाताखालून गेलेलं एकही दार कधी खुळखुळलं नाही." कॅझ उमेदीच्या काळात लाइनवर, म्हणजे जोडणीच्या सरकत्या पट्ट्यावर, उजवं दार बसवायचा. वरच्या बिजागरीला चार बोल्ट, खालच्या बिजागरीला चार बोल्ट, दार मिटून बघायचं की पुढची गाडी हजर. या वाक्याचा जाच त्याची एकुलती एक मुलगी बर्नाडेट लहानपणापासून सोसत आली होती. अंथरूण नीट घातलं नाही, की दार. गणितात एक मार्क गेला, की दार. विटकोव्स्की माणूस हातात घेतलेलं काम अर्धवट आवळून सोडत नाही, असं त्याचं तात्पर्य असे.

आणि मग बर्नीने, म्हणजे बर्नाडेटने, दातांच्या डॉक्टरकीचा अभ्यास तिसऱ्या वर्षी सोडला. तिला दात आवडत होते, डॉक्टरकी आवडत नव्हती. ती लॅन्सिंगला एका दवाखान्यात दात साफ करण्याच्या कामाला लागली आणि खुशीत होती. पण मागच्या ईस्टरला, सगळं गणगोत जेवायला बसलेलं असताना, कॅझ सॉसेजचा तुकडा काट्यावर धरून म्हणाला, "आमच्या घरातला हा पहिला अर्धवट आवळलेला बोल्ट." कोणी हसलं नाही. बर्नीने ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं. त्यानंतर ती दर महिन्याला जेवायला यायची, पण बापलेक फक्त हवेबद्दल बोलायचे. मिशिगनमध्ये हवा भरपूर असते हे खरं, तरी अकरा महिने तिच्यावर काढायचे म्हणजे चेष्टा नाही.

म्हणून कॅझने बोट दिली होती. हे त्याने कोणालाच सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा नीटसं नाही. त्याने फक्त बर्नीला फोन केला. "एक गाडी आणलीय. आपल्या कारखान्यातली. बघायला येतेस?"

"चालते का?"

"नाही."

"मग येते," बर्नी म्हणाली.

ती शनिवारी आली ती दवाखान्यातली जुनी हत्यारं एका डब्यात घेऊन. लांब दांडीचा छोटा आरसा, आकड्या, टोचण्या, बारीक ब्रश. कॅझने आयुष्यभर मोटारी हातोड्याने समजावून घेतल्या होत्या. बर्नी मात्र गाडीच्या पुढ्यात स्टुलावर बसली, कपाळाला दिवा बांधला आणि तोंड उघडायची वाट बघत असल्यासारखी बॉनेटकडे बघू लागली. कॅझने बॉनेट उघडलं. आत डोकावून ती म्हणाली, "हिने दातांत कधी दोरा फिरवलेला दिसत नाही."

अशा गाड्या पूर्ववत करणाऱ्यांचा एक पंथ आहे, आणि त्याचे आचार कडक आहेत. गाडी सुंदर करायची नसते. कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी ती जशी होती, तशी करायची. म्हणजे त्या दिवशी रंगाऱ्याने डुलकी घेतली असेल आणि चाकावरच्या पत्र्यावर ओघळ आला असेल, तर तुम्हालाही तिथेच तेवढाच ओघळ आणावा लागतो. तपासनिसाने आतल्या पत्र्यावर खडूने वेडीवाकडी खूण केली असेल, तर तुम्हीही तशीच वेडीवाकडी खूण करायची. ती सरळ आली तर गुण कापतात. दर ऑगस्टमध्ये गावच्या मैदानावर थंडरहेडवाल्यांच्या मंडळाची स्पर्धा भरते आणि तिथे पांढरे हातमोजे घातलेले परीक्षक असल्या गोष्टी मोजतात. कॅझला तिथे पहिलं यायचं होतं. बर्नीला ओघळांचं कुतूहल होतं.

"हे कोणी लिहिलंय?" आतल्या पत्र्यावर हिरव्या खडूचं एक चिन्ह सापडलं तेव्हा तिने विचारलं.

"बक स्टेम्पर. डावखुरा होता, म्हणून शेपूट उजवीकडे गेलंय."

"आणि हा निळा ठिपका?"

"ते ओटिस. त्याला वाचता यायचं नाही. ठिपक्यावर चालवलं त्याने सव्वीस वर्षं. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, साहेबाला नव्हतं."

मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये कारखान्याचा कागद सापडला. गाडीला काय काय लावायचं याची यादी लाइनवरची माणसं काम झालं की तिथेच कोंबून द्यायची. अर्धा कागद उंदरांनी खाल्ला होता, पण तारीख शाबूत होती: वीस मे एकोणीसशे सत्तर, दुपारची पाळी. बर्नीने तो चिमट्याने उचलून उजेडात धरला.

"डॅड, तेव्हा तू तिथे होतास?"

"होतो," कॅझ म्हणाला. एवढं बोलून तो पाणी प्यायला आत गेला आणि बराच वेळ आला नाही.

शेजारी डेल हाउझिंगा पहिल्या दिवसापासून हजर असे. डेलच्या हातात कायम कॉफीचा मग असायचा. पान्हा त्याच्या हातात कधी कोणी पाहिला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट तरी लागतो, डेल कुंपणावरूनच हाकायचा. रंग कुठला द्यावा, तेल कुठलं घालावं, गंजावर बटाटा कसा चोळावा, सगळं त्याला ठाऊक होतं. जून महिन्यात बर्नीने एक अख्खा शनिवार खर्चून डाव्या पत्र्यावर बरोब्बर दीड इंचाचा ओघळ आणला. जुन्या ओघळाचा आधी काढलेला फोटो बघून, ब्रशने, श्वास रोखून. ती हात धुवायला गेली तेवढ्यात डेल आत आला. "अरेरे, ओघळ आलाय की," म्हणाला आणि शेजारधर्म म्हणून त्याने तो अंगठ्याने पुसून टाकला. बर्नी परत आली, तिने पत्र्याकडे पाहिलं, मग डेलच्या अंगठ्याकडे. दवाखान्यातल्या सरावाने ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "डेल, तुझ्या अक्कलदाढा काढल्यात का रे? नाही, म्हणजे मला वाटलंच." पुढचे दोन आठवडे डेलने कुंपण ओलांडलं नाही.

त्याआधी, मे महिन्यात, कागदपत्रांचं प्रकरण झालं होतं. गाडी नावावर करायची तर तिच्या सांगाड्यावरचा आकडा आणि इंजिनावरचा आकडा जुळतो हे तपासून घ्यायला हवं. नोंदणी कचेरीतल्या बाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "गाडी तपासणीला इथे आणा."

"ती रस्त्यावर आणायला नंबरपाटी लागेल," कॅझ म्हणाला.

"पाटी कागद झाल्याशिवाय मिळणार नाही."

"आणि कागद?"

"तपासणी झाल्याशिवाय कसा मिळेल?" बाईंनी इतक्या प्रेमाने विचारलं की कॅझलाच आपण भलतं काही मागतोय असं वाटलं. तो एकतीस वर्षं कारखान्यात होता. गोल फिरणारं काम त्याला नवीन नव्हतं, पण तिथे निदान प्रत्येक फेरीला एक गाडी निघायची.

चौथ्या फेरीला बाईंना दया आली आणि त्यांनी सांगितलं की पोलीस घरी येऊनही तपासू शकतो. पोलीस आला तेव्हा गाडी चौदा ठिकाणी पसरली होती. सांगाडा गॅरेजमध्ये, दारं बर्नीच्या जुन्या खोलीत पलंगावर, कार्बोरेटर स्वयंपाकघरात पिरोग्यांच्या, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांच्या, परातीशेजारी, आणि इंजिन डेलच्या गॅरेजमध्ये, कारण इंजिन उचलायची साखळी फक्त डेलकडे होती. वीस वर्षं ती छताला टांगलेली होती आणि तिने आजवर काहीही उचललेलं नव्हतं.

"गाडी कुठे आहे?" पोलिसाने विचारलं.

"कुठला भाग?" लॉरेन म्हणाली.

त्याला सगळीकडे फिरवण्यात आलं. तो सज्जन होता, शिवाय त्याला वाटेत दोनदा पिरोग्या खायला मिळाल्या. आकडे जुळले. अर्जात 'गाडीचा रंग' असा एक रकाना होता. पोलिसाने एकदा लाल दाराकडे, एकदा करड्या पत्र्याकडे आणि एकदा तांबूस गंजाकडे पाहिलं आणि लिहिलं, 'बहुतेक'. कचेरीने तो अर्ज मंजूर केला. आजही त्या गाडीचा रंग सरकारदरबारी 'बहुतेक' असाच आहे.

खरा घोटाळा जुलैच्या पहिल्या शनिवारी झाला, आणि तो कॅझशिवाय कोणाच्या लक्षातही आला नसता. उजवं दार बसवायचं होतं. बर्नी खांबाजवळ गुडघ्यांवर बसून छोटा आरसा आत घालून बिजागरीची भोकं बघत होती.

"डॅड, वरच्या बिजागरीला बोल्ट किती?"

"चार."

"तीनच होते. चौथ्या भोकात आटे आहेत, पण आट्यांवर कारखान्याचा रंग अखंड बसलाय. एक ओरखडा नाही." तिने टोचणीने रंग हलकेच कोरून पाहिला. "इथे बोल्ट कधी लागलाच नव्हता. सत्तर सालापासून."

"पडला असेल," कॅझ म्हणाला.

"पडायला आधी लागावा लागतो."

"मग कोणी काढला असेल."

बर्नीने आरसा बाहेर काढला आणि वळून बापाकडे पाहिलं. कॅझचे कान लाल झाले होते. त्याचे कान लहानपणापासूनच असे होते, त्यांना काही पोटात ठेवता येत नसे.

तो बोल्ट बाजारात मिळेना. माप आडनिडं होतं. गेल्या दोन आठवड्यांचं सगळं विसरून डेलने पुन्हा कुंपण ओलांडलं आणि भोकात लाकडाची खुंटी ठोकायचा सल्ला दिला. कॅझ तळघरात गेला आणि एका मिनिटात वर आला. त्याच्या हातात बरोब्बर त्या मापाचा, ग्रीस फासलेला, कधीही न वापरलेला बोल्ट होता.

"कुठे मिळाला?" बर्नीने विचारलं.

"होता पडलेला."

बर्नीने तळघराच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग तिने पान्हा उचलला.

आता वाचकांपासून काय लपवायचं. एकोणीसशे सत्तरच्या मे महिन्यात कॅझ एकोणीस वर्षांचा होता. लाइनच्या पलीकडच्या बाजूला एक नवी मुलगी आली होती. ती गाड्यांच्या पुढच्या भागात तारा जोडायची, आणि तिची जीभ तेव्हाही आजच्याइतकीच धारदार होती. कॅझला तिच्याशी बोलायचं होतं. पण दर मिनिटाला एक गाडी समोर यायची आणि आठ बोल्ट लावता लावता ते मिनिट संपून जायचं. सोमवारी कॅझने हिशेब केला. चौथा बोल्ट लावायला सात सेकंद लागतात. सात सेकंदांत एक वाक्य बोलता येतं.

तो सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार असे चार दिवस कॅझने वरच्या बिजागरीला तीनच बोल्ट लावले आणि दर गाडीमागे लॉरेनला एक वाक्य म्हटलं. जवळजवळ दीड हजार गाड्या गेल्या, म्हणजे जवळजवळ दीड हजार वाक्यं झाली. त्यातली पहिली हजार तिने ऐकून सोडून दिली. गुरुवारी संध्याकाळी ती म्हणाली, "बरं, शनिवारी ये. पण तोंड बंद ठेवून." शुक्रवारपासून कॅझने पुन्हा चार बोल्ट लावायला सुरुवात केली. मुकादमाला शिल्लक दिसू नये म्हणून उरलेले बोल्ट तो रोज जेवणाच्या डब्यातून घरी न्यायचा. त्या आठवड्यात त्याचा डबा जाताना हलका आणि येताना अकरा किलोचा असे. ते बोल्ट तळघरात कॉफीच्या सात डब्यांत अजून होते. बर्नीला लहानपणी तंबी असायची, डब्यांना हात लावायचा नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. दीड हजार दारं अडतीस वर्षं अमेरिकाभर खुळखुळत होती आणि त्यांचा कर्ता दर सणाला टर्कीसमोर उभा राहून न खुळखुळलेल्या दारांची आरती म्हणत होता. गुरुवारनंतर त्याने खरोखरच एकही बोल्ट सोडला नाही. कदाचित त्यामुळेच ते वाक्य त्याला इतक्या वेळा म्हणावं लागत असेल. पण ईस्टरला तो जे बोलून बसला होता, त्यानंतर हे बर्नीला सांगायचं कुठल्या तोंडाने? सांगितलं तर आयुष्यभराचं दार निखळणार. नाही सांगितलं तर मुलगी 'अर्धवट आवळलेला बोल्ट'च राहणार, आणि तेही कोणाच्या तोंडून, तर ज्याने अख्खे दीड हजार गाळले त्याच्या. जुलैभर तो रोज सांगायचं ठरवायचा आणि रोज हवेबद्दल बोलायचा.

ऑगस्टमध्ये गाडी झाली. लाल, लांब, ओघळासकट. इंजिन सुरू झालं तेव्हा डेलच्या मगातली कॉफी हलली आणि लॉरेन खिडकीतून म्हणाली, "हं. बोटीपेक्षा आवाज बरा आहे." तिच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कॅझला लग्नानंतर मिळालं नव्हतं.

मैदानावर एकोणतीस थंडरहेड रांगेत उभ्या होत्या. मुख्य परीक्षक मिस्टर प्रुइट हे उंच, कोरडे गृहस्थ. पांढरे हातमोजे, आरसा, फळीला लावलेला कागद. त्यांनी सीटखाली पाहिलं, ओघळ मोजला, बकचं डावखुरं शेपूट पाहून मान डोलावली. कॅझ छाती काढून उभा होता. बर्नी शेजारी होती. लॉरेन घडीच्या खुर्चीत बसून सँडविच खात होती. मग प्रुइटनी उजवं दार उघडलं, बिजागरीला आरसा लावला आणि ते थबकले.

"इथे चार बोल्ट आहेत."

"हो," कॅझ म्हणाला.

"मिस्टर विटकोव्स्की, ही गाडी वीस मेची. अठरा ते एकवीस मे, दुपारच्या पाळीच्या गाड्यांना वरच्या बिजागरीला तीनच बोल्ट असतात. हे आमच्या मंडळाने सिद्ध केलेलं आहे. मी स्वतः मासिकात चार लेख लिहिलेत. वजन कमी करण्यासाठी अभियंत्यांनी गुपचूप केलेला तो प्रयोग होता. फार धाडसी प्रयोग. दाराला त्यामुळे जो मंद आवाज येतो, त्यासाठी लोक या चार दिवसांच्या गाड्या शोधत फिरतात."

आपल्या पापाचं असं देऊळ झालेलं कोणी अचानक पाहिलं तर त्याने काय करावं?

प्रुइट जरा मऊ झाले. "बाकी गाडी निर्दोष आहे. तुम्ही आत्ता, माझ्यासमोर, तो बोल्ट काढलात तर मी पूर्ण गुण देतो. पहिला क्रमांक तुमचाच आहे."

बर्नीने पान्हा पुढे केला. कॅझने तो घेतला. बोल्ट काढला तर पहिला नंबर आणि झाकली मूठ, दोन्ही पदरात पडत होतं. अभियंत्यांचा प्रयोग. कोणाला काही कळलं नसतं. त्याने पान्हा बोल्टवर चढवला, अर्धा आटा फिरवला आणि थांबला. मग तोच अर्धा आटा उलटा फिरवून बोल्ट पुन्हा घट्ट केला.

"अभियंते वगैरे कोणी नव्हतं," तो म्हणाला. "मी होतो."

"काय म्हणालात?"

"दार मी बसवायचो. चार दिवस चौथा बोल्ट मी लावला नाही. लाइनच्या पलीकडे एक मुलगी होती, तिच्याशी बोलायला वेळ पुरत नव्हता." त्याने लॉरेनकडे बोट दाखवलं. "ही. दीड हजार दारं अर्धवट सोडली मी. आणि वर जन्मभर तोंड वर करून हिंडलो."

लॉरेनचं सँडविच हातातच राहिलं. "म्हणजे त्या आठवड्यात तुझं काम चालू असताना तू बोलत नव्हतास? काम सोडून बोलत होतास?"

"हो."

"मला वाटायचं, काय हा हुशार मुलगा आहे, दोन्ही एकदम जमतं याला," ती म्हणाली. "म्हणून तर हो म्हटलं मी."

प्रुइटनी पेन्सिल कागदावरून उचलली. त्यांच्या चार लेखांचा प्रश्न होता. शेवटी ते म्हणाले, "तोंडी दावा. पुरावा नाही. मंडळ ग्राह्य धरू शकत नाही." आणि चौथ्या बोल्टाबद्दल दोन गुण कापले. कॅझची गाडी एका गुणाने दुसरी आली. पहिला आला तो एक केंटकीचा दंतवैद्य. त्याच्या गाडीचं दार इतकं अस्सल खुळखुळत होतं की परीक्षकांनी ते तीनदा उघडून मिटून ऐकलं.

कॅझ गाडीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. मान वर करायची हिंमत होत नव्हती. बर्नी येऊन शेजारी उभी राहिली.

"मला जुलैपासून ठाऊक होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"डॅड, रोज वीस माणसं खुर्चीत बसून मला सांगतात, दोरा न चुकता फिरवतो म्हणून. पडला असेल म्हणे." ती किंचित हसली. "तुझे कान बघूनच कळलं. मग तळघरात जाऊन डबे उघडले."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघायचं होतं."

एवढ्यात एक म्हातारी बाई काठी टेकत आली. निळा सदरा, उन्हाची टोपी. तिने आपलं नाव विल्मा ओस्टरहाउस म्हणून सांगितलं. तिची थंडरहेड स्पर्धेत नव्हती, मैदानाबाहेर पार्किंगमध्ये उभी होती. सत्तर साली ती नवी कोरी घेतली होती आणि आजही तिच्यातूनच ती चर्चला जायची.

"मगाशी तुम्ही त्या हातमोजेवाल्याशी बोलत होता ते मी ऐकलं," ती म्हणाली. "माझ्या उजव्या दाराला आवाज आहे. आमच्या हेनरीने मरेपर्यंत शोधला. चाळीसदा दार उघडलं त्याने, कापूस भरला, रबर चिकटवलं. कोणी म्हणे स्पीडोमीटर, कोणी म्हणे माझी पर्स. तुमची ती गाडी कुठल्या तारखेची म्हणाले ते?"

"वीस मे," कॅझ म्हणाला. "तुमची?"

"एकोणीस मे."

"तुम्हाला तो अस्सल आवाज ठेवायचा असेल तर..."

"बाळा," विल्मा म्हणाली, "अडतीस वर्षं ठेवला. आता नको."

कॅझने खिसे चाचपले. खिशात काय असणार. बर्नीने त्यांच्या लाल गाडीची डिकी उघडली. आत, चादरीखाली, कॉफीचे सातही डबे ओळीने ठेवलेले होते. सकाळी गाडी मागून का बसलीय असं डेल विचारत होता, ते यासाठी. डेलच्या आयुष्यातलं ते एकमेव बरोबर निदान होतं.

ते पार्किंगमध्ये गेले. विल्माची गाडी फिकट निळी होती, खरचटलेली, रोज रस्त्यावर धावलेली. बर्नीने उजवं दार उघडून दोन्ही हातांनी उचलून धरलं. कॅझ गुडघ्यांवर बसला. वरच्या बिजागरीत तीन बोल्ट होते आणि चौथ्या भोकात अडतीस वर्षांपूर्वीचा रंग होता, अखंड. त्याने तो कोरला, बोल्ट टेकवला आणि पान्हा फिरवायला लागला.

"बर्नी, ईस्टरला मी जे बोललो, ते तुझ्याबद्दल नव्हतं, ते माझ्याबद्दल होतं," तो म्हणाला, आणि एवढ्यात बोल्ट बसला.

बर्नीने दार सोडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. आवाज आला नाही. विल्मा आत बसली, तिने गाडी सुरू केली आणि पार्किंगमध्ये एक चक्कर मारून आली. खाच आली, खड्डा आला. आवाज आला नाही. खिडकीची काच खाली करून ती नुसती उजव्या दाराकडे बघत राहिली, शेजारच्या रिकाम्या सीटकडे.

मैदानाच्या फाटकाकडून आणखी दोन जुन्या थंडरहेड हळूहळू पार्किंगकडे येत होत्या. त्यांची उजवी दारं लांबूनच ऐकू येत होती. बर्नीने डब्यातून मूठभर बोल्ट घेतले आणि बापाच्या शर्टाच्या खिशात घातले.

"चल," ती म्हणाली. "या गाडीला पण एक वाक्य बोलायचं असेल तर बोल. मी दार धरते."